आण्णांचा चष्मा

मित्रहो, या लेखाला 'कारखान्यासाठी योग्य मॉनिटर कसा निवडावा' असं नाव दिलं असतं, तर तुमच्यापैकी निम्म्यांनी पान उलटून थेट चारोळ्या गाठल्या असत्या. उरलेल्या निम्म्यांना शाळेतला मॉनिटर आठवला असता, म्हणजे बाई वर्गाबाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिणारा! मला सांगायचं आहे ते पडद्याच्या मॉनिटरबद्दलच. पण त्यात फळ्यावर नाव लिहायला हवं होतं माझं, आणि लिहिलं गेलं दुसऱ्याचंच. म्हणून हा लेख.

माझं आजोळ इचलकरंजी. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तिथे पहिला यंत्रमाग सुरू केला आणि पुढे सगळं गावच मागाच्या ठेक्यावर जगायला लागलं. आजोळी गेलो की पहिल्या रात्री खटखटीमुळे झोप येत नाही, आणि होस्टेलवर परत आलो की पहिल्या रात्री खटखट नाही म्हणून येत नाही. (रूम पार्टनरच्या घोरण्यानं ती उणीव पुढे भरून निघते.)

माझ्या मामांचं तिथे छोटंसं सायझिंग आहे. सायझिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागावर उभे धागे सतत ताणले जातात, फणीत घासले जातात. कच्चं सूत हे सोसत नाही, तुटतं. म्हणून मागावर चढवण्याआधी त्याला खळ लावतात. पेटीत स्टार्चची गरम खळ असते, साधारण ८० ते ९० अंशांना. हजारो धागे एकदम त्यातून जातात, रोलरमध्ये पिळले जातात, वाफेनं तापलेल्या सिलिंडरवरून वाळत वाळत पुढे येतात आणि शेवटी बीमवर गुंडाळले जातात. सगळी कला या वाळवण्यात आहे. ओलं राहिलं तर धागे एकमेकांना चिकटतात, बुरशी धरतात. जास्त वाळलं तर कडक होतात आणि मागावर काडीसारखे मोडतात. सुती धाग्यात शेवटी ६ ते ८ टक्के ओल राहिली की काम झकास.

हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला सायझर म्हणतात. मामांकडे गेली बावीस वर्षं आण्णा सायझर आहेत. चालत्या धाग्यांवर उलटा हात फिरवून ते सांगतात, "जरा वलं हाय, स्पीड कमी कर." बस्स! आपल्या लॅबमधलं कोणतंही इन्स्ट्रुमेंट एवढ्या लवकर रीडिंग देत नाही. आणि जर्नलही लिहायला लावत नाही.

२०२४च्या मे महिन्यात थर्ड इयरची परीक्षा उरकून मी आजोळी गेलो. मामांनी मशीनवर नवा मॉइश्चर मीटर आणि टेंपरेचर कंट्रोलर बसवून घेतले होते. पण सगळे आकडे मशीनच्या मागच्या बाजूला, पॅनलवरच्या बोटभर डिस्प्लेवर. आण्णा उभे राहतात पुढे, बीमजवळ. ओल किती आहे हे बघायला दर वेळी पंधरा-वीस पावलं मागे जायचं. मामा म्हणाले, "एवढं इंजिनियरिंग शिकतोयस, तर हे आकडे आण्णांच्या समोर दिसतील असं कायतरी कर की. तुझ्या बापानं भरलेल्या फीचं जरा चीज होऊ दे."

आपल्याला एवढंच पाहिजे असतं! कंट्रोलरना आरएस-४८५ पोर्ट होता. एक छोटा पीसी घेतला, वायर ओढल्या, आठ दिवस बसून प्रोग्रॅम लिहिला. आकडे दर सेकंदाला येऊ लागले आणि त्यांचं रेकॉर्डही साठू लागलं. इथपर्यंतचं काम चांगलं झालं होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. राहिला फक्त पडदा.

मामांनी एका विक्रेत्याकडून इंडस्ट्रियल मॉनिटरचं कोटेशन मागवलं होतं. साडेएकवीस इंची, टचस्क्रीन, १००० निट, आयपी ६५, किंमत ५८,००० रुपये. मी हसलोच. म्हटलं, "मामा, लुटतात हो हे लोक. आत काच तीच, एलईडी तेच. नुसता 'इंडस्ट्रियल' असा शिक्का मारला की किंमत सातपट." आणि साडेआठ हजारात चोवीस इंची ऑफिस मॉनिटर घेऊन आलो. मामा खूश. मामींना म्हणाले, "बघितलंस? पोरानं पन्नास हजार वाचवले." त्या दिवशी ताटात दोन मासवड्या जास्त पडल्या.

मग रात्री मामांच्या केबिनमध्ये बसून मी स्क्रीन डिझाइन केला. काळी पार्श्वभूमी, त्यावर डिजिटल घड्याळासारखे लाल आकडे. ते खऱ्यासारखे दिसावेत म्हणून न पेटलेले दांडेसुद्धा मंद लालसर दाखवले. म्हणजे प्रत्येक आकड्याच्या मागे एक पुसट ८ उभा! एका स्क्रीनवर आठ रीडिंग बसवली, कोपऱ्यात फर्मचं नाव गोल गोल फिरत होतं. रात्री अकरा वाजता, ट्यूबलाइटच्या उजेडात, हातभर अंतरावरून तो स्क्रीन इतका भारी दिसत होता की मी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. एकतीस लाइक्स आले. त्यातला एकही सायझर नव्हता, हे नंतर लक्षात आलं.

मॉनिटर मशीनच्या पलीकडच्या खांबावर, कुणाचा धक्का लागू नये म्हणून आठ फूट उंचीवर लावला. नारळ फोडला, पेढे वाटले. मामांनी बोर्डावर खडूनं लिहिलं : 'ओल मॉनिटरवर बघूनच स्पीड ठरवावा.' आण्णा मान वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "दिसायला झ्याक हाय." मग हळूच विचारलं, "दुपारी बी आसंच दिसंल न्हवं?"

मी म्हणालो, "आण्णा, फुल एचडी आहे!"

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण मी इंजिनियर होतो आणि ते सातवी पास होते, त्यामुळे प्रश्न तिथेच मिटला.

पुढचे पंधरा दिवस मी सुट्टी उपभोगली. दहाला उठायचं, जेवायचं, पुन्हा झोपायचं आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सायझिंगवर चक्कर टाकायची. एकदा पाहिलं तर आण्णांनी मॉनिटरला पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घातलेली. हवेत कापसाची पिंज आणि वाफ. मागच्या जाळीत पिंज बसायला लागली होती आणि ते बिचारे तो जपत होते. मला मात्र राग आला, कारण पिशवीमुळे माझा स्क्रीन गावठी दिसत होता!

आणि एका सकाळी एक खर्चीवाले आले. खर्चीवाले म्हणजे व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे यंत्रमागधारक. यांचे सहा माग, घराच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. आमच्याकडून नेलेल्या दोन बीमचं सूत मागावर टिकतच नव्हतं. सारखे धागे तुटत होते. ते आणि त्यांची बायको रात्रभर आळीपाळीनं गाठी मारत बसले होते. कापडात दोष आला तर व्यापारी पैसे कापणार, ते वेगळंच. माणूस भांडला नाही. एवढंच म्हणाला, "मालक, तुमच्यावर विश्वास टाकून बीम न्हेलं हुतं."

मामांनी मला रेकॉर्ड काढायला सांगितलं. त्या तारखेला दुपारी बारा ते तीन ओल ५ टक्क्यांच्या खाली. सूत अक्षरशः भाजलं होतं. मामांनी आण्णांना बोलावलं.

"आण्णा, आकडा समोर असताना मशीन एवढं स्लो का चालवलं?"

"मालक, मला ८.८ दिसत हुतं. वलं हाय म्हणून स्पीड कमी केला."

"रेकॉर्डला ४.६ आहे. कॉम्प्युटर खोटं बोलतोय व्हय?"

"हाताला कडकच लागत हुतं वो. पर बोर्डावर लिवलंय, मॉनिटर बघूनच ठरवायचं."

मामा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "चष्म्याचा नंबर वाढला असंल तुमचा. तपासून या. आणि नुकसानीतलं थोडं पगारातून वळतं करावं लागंल, मलाबी परवडत नाही."

मी तिथेच उभा होतो. हातात त्या रेकॉर्डचा प्रिंटआउट. आण्णा ८.८ म्हणाले तेव्हाच माझ्या पोटात कालवलं होतं. ८.८ कुठून आला? सबंध पंधरा दिवसांत ओल एकदाही ८.८ झालेली नव्हती. पण प्रत्येक आकड्यामागे पुसट ८ मीच काढून ठेवला होता. कळत होतं. बोललो नाही. तोंडातून शब्दच फुटला नाही म्हणणं खोटं होईल. फुटू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा अर्धा दिवस रजा टाकून डोळे तपासायला गेले. परत आले ते हसतच. "नंबर हाय तेवढाच हाय म्हणला डॉक्टर. पर मालक म्हणत्यात तर नवा चष्मा टाकलाय करायला. बाराशे म्हणला. आसू दे, काम सुधारंल."

त्यानंतर मला बसवेना. दुपारी साडेबारा वाजता, पंधरा दिवसांत पहिल्यांदाच, मी आण्णांच्या जागेवर जाऊन उभा राहिलो. बरोबर बीमजवळ, त्यांचे पाय असतात तिथे. वर छताला उजेडासाठी दोन पारदर्शक पत्रे बसवलेले. त्यातून ऊन थेट समोरच्या खांबावर पडत होतं. पिशवीवर पिंज, आतून वाफेचा ओलावा. चार मीटरवरून, मान वर करून मी माझ्याच स्क्रीनकडे पाहिलं. आठही रीडिंग ८८.८ दिसत होती!

चष्मा मला लागायला हवा होता.

त्या रात्री जेवताना मी मामांना सांगितलं. आकडा बरोबर होता, पण तो दिसत नव्हता, आणि हे मला कालच कळलं होतं, हेही सांगितलं. मामींनी वाढता वाढता हात थांबवला. मामा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, "मला सांगितलंस ते ठीक. उद्या आण्णांच्या समोर सांग. मीबी येतो. मलाबी सांगायचंय."

सकाळी आम्ही दोघे गेलो. मी सांगितलं. मामा म्हणाले, "आण्णा, चुकलं माझं. बावीस वर्षांचा हात सोडून पंधरा दिवसांच्या डब्याचं ऐकलं." आणि बोर्डावरची ओळ त्यांनी स्वतः पुसली. आण्णा एवढंच म्हणाले, "मंजे माझा डोळा चांगला हाय म्हना की!" पगार कापायचा विषय संपला, चष्म्याचे बाराशे मामांनी दिले. खर्चीवाल्यांची सायझिंगची मजुरी सोडली आणि सुताचं नुकसान भरून दिलं. वाचवलेल्या पन्नास हजारांतले किती उरले, ते मी विचारलं नाही.

इथून पुढे मित्रहो, थोडं तांत्रिक. मॉनिटर पुन्हा निवडायचा होता, पण या वेळी मी कॅटलॉग उघडायच्या आधी तीन दिवस फक्त आण्णांच्या शेजारी उभा राहिलो, सकाळी सहापासून. जे शिकलो ते तुमच्या प्रोजेक्टला, उद्याच्या नोकरीला उपयोगी पडेल म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट उजेड. मॉनिटरचा तेजस्वीपणा निटमध्ये मोजतात. साध्या ऑफिस मॉनिटरचा २५० ते ३०० निट असतो. आमचा २५० धरा. अंधारात त्याचा काळा भाग पाव निट, म्हणजे कॉन्ट्रास्ट १००० ला १. खोक्यावर हाच आकडा छापतात आणि आपण भुलतो. आता पडद्यावर ऊन पडून समजा १०० निट परावर्तित झाले, तर ते पांढऱ्यातही मिळतात आणि काळ्यातही. पांढरं ३५०, काळं १००. कॉन्ट्रास्ट साडेतीनला १! त्यात माझे मंद लाल दांडे. आण्णांना ८ दिसला नसता तरच नवल. आता तेज दुप्पट करा, ५०० निट : ६०० भागिले १००, म्हणजे ६ ला १. आणि तेज तेवढंच ठेवून मॉनिटर सावलीत हलवा, परावर्तन १०० ऐवजी २० : २७० भागिले २०, म्हणजे साडेतेराला १. पैसे खर्च करून जे मिळत नव्हतं ते जागा बदलून फुकट मिळत होतं. मॉनिटर आम्ही सहा फूट अलीकडच्या खांबावर घेतला, जिथे ऊन येत नाही. १००० निटची गरजच संपली. ५०० पुरले. (उघड्यावर, पेट्रोल पंपावर किंवा क्रेनवर लावायचा असेल, तर मात्र १००० किंवा जास्तच हवा. तिथे सावली आणणार कुठून?)

दुसरी गोष्ट अक्षर. वाचणारा जितक्या अंतरावर, त्याच्या साधारण दोनशेव्या भागाएवढी अक्षराची उंची हवी, असा एक ढोबळ हिशेब आहे. ४ मीटरला २० मिलिमीटर. माझे आकडे होते ९ मिलिमीटरचे! मोठा मॉनिटर घेतला की अक्षर मोठं होतं, असं नाही. त्यात आपण आणखी चार रीडिंग कोंबतो. मी आण्णांना विचारलं, यातलं तुम्ही काय काय बघता? म्हणाले, "वल, खळीची गर्मी, वाफ, स्पीड. बाकीचं तुमच्यासाठी ऱ्हाऊ द्या." चार रीडिंग ठेवली, ५० मिलिमीटरच्या आकड्यांत, साध्या जाड टाइपात, पांढऱ्यावर काळी. मर्यादेबाहेर गेलं की नुसता रंग बदलत नाही, 'कोरडं' किंवा 'ओलं' असा शब्द येतो. आणि उंची आठ फुटांवरून डोळ्याच्या पातळीवर आणली. पॅनल आयपीएस प्रकारचा घेतला, कारण स्वस्त टीएन पॅनलकडे खालून किंवा बाजूनं पाहिलं की रंग बिघडतात, आणि आण्णा काही खुर्चीत बसून काम करत नाहीत.

तिसरी गोष्ट पिंज, पाणी आणि उष्णता. आयपी ६५ मधला पहिला आकडा धुळीचा. ६ म्हणजे धूळ आत शिरणारच नाही. दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याचा फवारा चालेल. पण कोटेशनच्या शेवटी बारीक अक्षरात असतं, 'फ्रंट'. म्हणजे ६५ फक्त समोरच्या बाजूला, पाठीमागे बऱ्याचदा आयपी २०, तिथे पिंजेला मुक्तद्वार! असा मॉनिटर कपाटाच्या दारात बसवायचा असतो. चौकोन कापून, गॅस्केट लावून, तोंड बाहेर आणि पाठ बंद पेटीत. आम्ही गावातच लोखंडी पेटी करून घेतली. पण बंद पेटीत उष्णता साठते. मशीनजवळ भर दुपारी थर्मामीटर लावून पाहिला, ४५ अंश. रिकाम्या पेटीत मॉनिटरएवढ्या वॅटचा बल्ब लावून ठेवला तर आत ५३. बहुतेक ऑफिस मॉनिटर ० ते ४० अंशांसाठी असतात. ५० अंशांचा इंडस्ट्रियल मॉनिटरही आमच्याकडे नापास झाला असता. म्हणून ६० अंशांपर्यंत चालणारा आणि पंखा नसलेला घेतला. पंखा असता तर महिन्याभरात त्याची पिंजेची गादी झाली असती.

चौथी गोष्ट टचस्क्रीन. मोबाइलसारखा कपॅसिटिव्ह टच ओल्या हातानं चळतो. दाबून चालणारा रेझिस्टिव्ह टच हातमोज्यानंही चालतो, पण टोकदार वस्तूनं त्याचा वरचा पापुद्रा खराब होतो. मी यावर अर्धा तास व्याख्यान दिलं. आण्णांनी खळीनं माखलेले हात पुढे केले आणि म्हणाले, "मला त्येला हात लावायचा न्हाई. नुसतं बघायचंय." विषय संपला. टच रद्द. पेटीवर अलार्म बंद करायचं एक साधं पुशबटण बसवलं.

पाचवी गोष्ट वीज. आमच्या पहिल्या मॉनिटरला वीज जाऊन आली की स्टँडबायमध्ये झोपायची सवय होती. कुणीतरी शिडीवर चढून बटण दाबायचं. वीज आल्यावर आपोआप चालू होतो का, हे विक्रेत्याला विचारा आणि समोर प्लग काढून दाखवायला लावा. आमच्या पॅनलमध्ये २४ व्होल्ट डीसीची पॉवर सप्लाय होतीच, त्यावरच चालणारा मॉनिटर घेतला. केबल स्क्रूनं आवळता येणारी घेतली, कारण मशीनच्या थरथरीनं साधी हळूहळू निसटते.

सहावी गोष्ट आयुष्य. बॅकलाइट ५०,००० तासांचा असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ तेवढ्या तासांनी तेज निम्मं होतं. वर्षाचे तास ८,७६०. चोवीस तास चालवलं तर पावणेसहा वर्षं. मामांकडे दोन पाळ्या, वर्षाला सुमारे ४,८०० तास, म्हणजे दहा वर्षं. ३०,००० तासांचा थोडा स्वस्त मिळत होता, तो सहा वर्षांत मंदावला असता. हा भागाकार दुकानात उभं राहून मोबाइलवर करता येतो.

सगळं मिळून मॉनिटर ३६,००० आणि पेटी ४,५००. म्हणजे मूळ ५८,००० पेक्षा साडेसतरा हजार कमीच. तो विक्रेता लुटत नव्हता. त्यानं सगळ्यात भारी मॉडेल दाखवलं, कारण त्याला आमची जागा माहीत नव्हती. मी सगळ्यात स्वस्त आणलं, कारण जागा मलाही माहीत नव्हती. फरक इतकाच, की त्याला ती बघायची सोय नव्हती आणि मला बघायचा आळस होता. तो साडेआठ हजारांचा मॉनिटरही वाईट नव्हता हं. आता मामांच्या केबिनमध्ये बिलं करायला आहे, पंख्याखाली राजासारखा चालतो.

नवा मॉनिटर लागला त्या दिवशी नारळ आण्णांनी फोडला, भर दुपारी साडेबाराला. मुद्दाम ती वेळ ठरवली होती. फोडून झाल्यावर ते आपल्या जागेवर गेले, जुना चष्मा काढून खिशात ठेवला आणि नुसत्या डोळ्यांनी मोठ्यानं वाचलं, "सहा पूर्णांक नऊ." मग धाग्यांवर उलटा हात फिरवून म्हणाले, "बराबर हाय." त्यांनी एक सूचना केली, ती माझ्या डोक्यात आलीच नव्हती. "कोपऱ्यात घड्याळ दावा, सेकंदाचं. फिरायचं थांबलं की समजंल, आकडा शिळा हाय." पीसी अडकला तर पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं सगळं ठीक आहे. फिरणारं फर्मचं नाव काढलं आणि तिथे घड्याळ टाकलं.

हाच विषय पुढे माझा बी.ई.चा प्रोजेक्ट झाला. व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "टचस्क्रीन का नाही? आजकाल सगळीकडे असतो." मी म्हणालो, "सर, ऑपरेटरनं नको म्हटलं." गाइड सरांनी कपाळाला हात लावला. पण एक्स्टर्नलनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ऑपरेटरला विचारलं होतंस?" पुढचे दहा मिनिटं ते फक्त आण्णांबद्दलच विचारत होते. मार्क्स किती पडले ते विचारू नका, पण केटी नाही लागली!

आता नवीन बॅचचे प्रोजेक्ट सुरू होतील. कुणी एसटी स्टँडवर बोर्ड लावेल, कुणी दूध डेअरीत, कुणी आपल्या मेसमध्येच मेन्यूचा डिस्प्ले लावायला निघेल. डेटाशीट जरूर वाचा. पण त्याआधी ज्यानं तो पडदा रोज बघायचा आहे, त्याच्या जागेवर त्याच्या वेळेला एकदा उभे राहा. आणि तो सहज म्हणून काही विचारू लागला, 'दुपारी बी आसंच दिसंल न्हवं?' असं काही, तर फुल एचडी आहे म्हणून सांगू नका.

आण्णांचा तो बाराशेचा नवा चष्मा तयार होऊन आला होता. नंबर तोच असल्यानं ते सणासुदीला वापरतात. दिवाळीला गेलो तेव्हा तो घालून बसले होते. मला बघून म्हणाले, "या इंजिनेरसाहेब. ह्यो तुमचा चष्मा."